‘लिंकिन पार्क’ येतंय, पण चेस्टरशिवाय!

पंचवीस वर्षं हेडफोनमध्ये ऐकलेल्या बँडची भारतातली ही पहिलीच भेट, जानेवारी २०२६ ची. पण ज्या आवाजासाठी अनेकांनी तो ऐकला, तो आवाज आता नाही. मग शोला जायचं की नाही? नवा अल्बम ऐकायचा की नाही? फॅन्सच्या मनात काय चाललंय, त्याचा हा कानोसा.

लोलापालूझाचं पोस्टर आलं आणि फॅन्सचे सरळ दोन गट पडले. पहिल्या गटाने ‘लिंकिन पार्क’ हे नाव वाचलं आणि बाकीचं पोस्टर वाचायच्या आधीच तिकिटांचं पेज उघडलं. दुसऱ्या गटानेही तेच नाव वाचलं, पण त्यांची पहिली प्रतिक्रिया होती, ‘चेस्टर नाही, तर कसलं लिंकिन पार्क?’

२४ आणि २५ जानेवारी २०२६ हे महालक्ष्मी रेसकोर्सवरच्या लोलापालूझाचे दिवस आणि लिंकिन पार्क त्यातलं मुख्य आकर्षण. इतकी वर्षं वाट बघितल्यावर सगळ्यांनी खरं तर नाचायला हवं. नाचतायतही बरेच जण. पण गेले काही आठवडे मी बॅचमेट्सशी, सीनियर्सशी, घरातल्या मोठ्या भावंडांशी या विषयावर बोलतेय आणि सगळ्यांची गाडी फिरून फिरून एकाच स्टेशनवर येते. नव्या गायिकेला टाळ्या वाजवल्या, तर जुन्याशी बेइमानी होते का?

ज्यांनी हा बँड कधी ऐकलाच नाही, त्यांना हा प्रश्न जरा फिल्मी वाटेल. त्यांच्यासाठी थोडं मागे जाऊ या.

तेविसाव्या वाढदिवसाचं रेकॉर्डिंग

१९९६ मध्ये कॅलिफोर्नियात काही मित्रांनी एक बँड सुरू केला. माइक शिनोडा त्यातला रॅपर आणि बरंचसं संगीत त्याच्याच डोक्यातून यायचं. नाव होतं ‘झीरो’. त्यांचा पहिला गायक बँड सोडून गेला आणि नव्याचा शोध सुरू झाला. ॲरिझोनातल्या चेस्टर बेनिंग्टन नावाच्या पोराकडे त्यांच्या गाण्यांची एक टेप पोहोचली. दिवस होता त्याच्या तेविसाव्या वाढदिवसाचा. स्वतःच्याच पार्टीतून उठून तो स्टुडिओत गेला, त्या गाण्यांवर आपला आवाज रेकॉर्ड केला आणि ती टेप परत पाठवली. हे साल १९९९.

ऑक्टोबर २००० मध्ये ‘हायब्रिड थिअरी’ हा त्यांचा पहिला अल्बम आला. गिटारचा दणका, त्यावर शिनोडाचं रॅप, मागे डीजेचं स्क्रॅचिंग आणि या सगळ्यावरून उसळी मारणारा चेस्टरचा आवाज. हा माणूस एका ओळीत अगदी हळवं गायचा आणि पुढच्या ओळीत घसा फुटेल असं किंचाळायचा. एकट्या अमेरिकेत या अल्बमच्या एक कोटीपेक्षा जास्त प्रती खपल्या. २००३ मध्ये ‘मिटिओरा’ आला. माझा जन्मही त्याच वर्षीचा, त्यामुळे हा बँड माझ्याकडे वारशानेच आला असं म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे तो पोहोचला तो काही रेकॉर्ड कंपन्यांच्या कृपेने नाही. मोठ्या भावंडांना विचारा. कुणी सायबर कॅफेत बसून गाणी उतरवायचं, कुणी दहा रुपयांच्या कोऱ्या सीडीवर बर्न करून वर्गात वाटायचं. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर एकाच्या कॉम्प्युटरवर आलेलं गाणं संध्याकाळपर्यंत अख्ख्या मजल्यावर वाजायचं. २००७ च्या ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये त्यांचं गाणं वाजलं आणि इंग्रजी सिनेमे बघणाऱ्या पोरांनाही बँडचं नाव कळलं. माझ्या वयाच्या मुलांनी तर अ‍ॅनिमेच्या मारामाऱ्यांना लिंकिन पार्कची गाणी जोडलेले फॅनमेड व्हिडीओ बघत शाळा काढली.

आणि ‘नम्ब’बद्दल तर काय बोलायचं! दुसऱ्याच्या अपेक्षांचं ओझं वाहून बधिर झालेल्या मुलाचं ते गाणं. ‘बारावीला नव्वद टक्के, मग जेईई, मग बाकीचं बघू’ हे ऐकत वाढलेल्या मराठी घरातल्या पोरांना त्याचा अर्थ समजावून सांगायची गरज पडली नाही. इंग्रजी अर्धंच कळलं तरी वैताग पूर्ण पोहोचत होता.

‘तू ऐक, मला सांगू नकोस’

माझा मावसभाऊ आता अडतीस वर्षांचा आहे, पुण्यात आयटीत आहे. मला लिंकिन पार्क त्यानेच दिला. माझ्या सहावीच्या उन्हाळ्यात त्याच्या जुन्या एमपीथ्री प्लेअरमध्ये तीनच फोल्डर होते, रहमान, अजय-अतुल आणि ‘एलपी’. दादाला आजही ‘हायब्रिड थिअरी’तली गाणी क्रमाने पाठ आहेत. कोणतं गाणं संपल्यावर किती सेकंद शांतता आहे, हेसुद्धा.

नवा अल्बम आला तेव्हा मी त्याला लिंक पाठवली. त्याचा रिप्लाय आला, ‘तू ऐक, मला सांगू नकोस.’ मला आधी राग आला. नवं न ऐकताच कसला निकाल? पण मग त्याने सांगितलं, की नोकरी नव्हती तेव्हाचं एक अख्खं वर्ष त्याने या आवाजाच्या सोबतीने काढलं होतं. घरी कुणाशीच बोलता येत नव्हतं आणि कानात कुणीतरी आपल्या वतीने ओरडतंय, एवढाच आधार होता. ‘त्या जागी दुसरं कुणी ओरडलेलं मला चालणार नाही,’ तो म्हणाला. वाद घालण्यासारखं त्यात काही नव्हतं.

याच्या अगदी उलट माझ्या ज्युनिअरची गोष्ट. वय एकोणीस. त्याने लिंकिन पार्क पहिल्यांदा ऐकला तो ‘लीग ऑफ लेजंड्स’ या गेममुळे. २०२४ च्या त्यांच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपचं गाणं ‘हेवी इज द क्राउन’ हे लिंकिन पार्कचं होतं. म्हणजे त्याच्यासाठी बँडचा पहिला आवाज एमिली आर्मस्ट्राँगचा. तिथून तो उलटा प्रवास करत चेस्टरपर्यंत पोहोचला आणि मग एका रात्रीत जुने सगळे अल्बम ऐकून काढले. चेस्टरची मुलाखत शोधायला गेला तेव्हा त्याला कळलं, की हा माणूस सात वर्षांपूर्वीच गेलाय. ‘मला उशिरा रडू आलं एवढंच,’ असं तो म्हणतो. मग याला फॅन म्हणायचं नाही का?

रिकामा माइक

२० जुलै २०१७ ला चेस्टरने आत्महत्या केली. वय एक्केचाळीस. लहानपणी झालेलं शोषण, व्यसनं, नैराश्य या सगळ्याबद्दल तो वर्षानुवर्षं उघडपणे बोलत आला होता. त्याच्या गाण्यांत तर ते होतंच. मे महिन्यात त्याचा मित्र, गायक ख्रिस कॉर्नेल गेला, तेव्हा चेस्टरने एका टीव्ही शोमध्ये आयत्या वेळी गाणं बदलून त्याच्यासाठी ‘वन मोअर लाइट’ गायलं होतं. बँडच्या रेकॉर्ड कंपनीतली एक मैत्रीण कॅन्सरने गेली, तिच्यासाठी लिहिलेलं हे गाणं. दोन महिन्यांनी जगभरातले फॅन्स तेच गाणं चेस्टरसाठी लावून बसले.

(हे वाचताना तुम्हाला किंवा तुमच्या ओळखीतल्या कुणाला खूप एकटं, हरल्यासारखं वाटत असेल, तर ‘टेलिमानस’च्या १४४१६ या नंबरवर फोन करा. सरकारी आहे, मोफत आहे, चोवीस तास सुरू असतो आणि मराठीतही बोलता येतं.)

त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला लॉस एंजेलिसच्या ‘हॉलिवूड बोल’मध्ये बँडने त्याच्यासाठी एक शो केला. त्यात ‘नम्ब’ सुरू झालं तेव्हा स्टेजच्या मधोमध नुसता माइक स्टँड होता. त्यावर प्रकाश सोडलेला. गायला कुणीच नाही. बँड वाजवत राहिला आणि चेस्टरच्या ओळी समोरच्या हजारो लोकांनी गायल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत.

हा व्हिडीओ बघितला नसेल तर बघाच. पण हेडफोन लावून आणि जमलं तर एकट्याने.

त्यानंतर बँड गप्प झाला. मधे काही अनपेक्षित भेटी मिळाल्या. ‘मिटिओरा’ला वीस वर्षं झाली म्हणून फेब्रुवारी २०२३ मध्ये ‘लॉस्ट’ हे तेव्हा बाजूला पडलेलं गाणं बाहेर काढलं. ‘नम्ब’शी फार मिळतंजुळतं म्हणून ते अल्बममधून वगळलं होतं. पुढच्या वर्षी ‘फ्रेंडली फायर’ आलं. एक विचित्र अनुभव होता तो. आवाज ताजा, रिलीज आजचं आणि गाणारा नाही. माझ्या रूममेटने ‘लॉस्ट’ एकदाच ऐकलं आणि लायब्ररीत सेव्ह करून ठेवलं. परत लावलं नाही. ‘संपेल ना,’ असं तिचं उत्तर.

गणपतीच्या आदल्या पहाटे

५ सप्टेंबर २०२४. बँडने एका लाइव्हस्ट्रीममध्ये जाहीर केलं, की आम्ही परत येतोय. आपल्याकडे तेव्हा ६ तारखेची पहाट होती, दुसऱ्या दिवशी गणेश चतुर्थी. सजावटीच्या नावाखाली जागी असलेली मंडळी मधेच थर्माकोल सोडून मोबाइलला चिकटली. नवी गायिका एमिली आर्मस्ट्राँग, ‘डेड सारा’ या लॉस एंजेलिसच्या रॉक बँडमधली. ड्रमर कॉलिन ब्रिटनही नवा, कारण जुन्या रॉब बोर्डनने परत यायचं नाही असं ठरवलं होतं.

त्या दिवशी आलेलं ‘द एम्प्टीनेस मशीन’ नीट ऐकलं तर बँडचा विचार कळतो. गाणं सुरू होतं शिनोडाच्या, म्हणजे ओळखीच्या आवाजात. पहिलं कडवं आणि ध्रुवपद तोच गातो. आपण जरा सैलावतो आणि मग दुसऱ्या कडव्यात एमिली येते. नव्या सुनेला आधी मागच्या दाराने स्वयंपाकघरात आणावं आणि सगळ्यांचा चहा झाल्यावर ओळख करून द्यावी, तसं!

प्रतिक्रिया अर्थातच दोन टोकांच्या आल्या. चेस्टरच्या आईने आणि मुलाने जाहीरपणे नाराजी व्यक्त केली. त्यांचं दुःख आपल्या दुःखापेक्षा फार मोठं आहे, तेव्हा त्यावर बाहेरच्यांनी मत द्यायचं कारण नाही. सोशल मीडियावर मात्र स्टॉपवॉच घेऊन बसलेले परीक्षक निघाले. चेस्टरने ‘गिव्हन अप’मध्ये मारलेली सतरा सेकंदांची किंकाळी प्रसिद्ध आहे. एमिलीची ‘हेवी इज द क्राउन’मधली सोळा सेकंदांची! मग काय, एका सेकंदावरून कमेंट्समध्ये पानिपत.

या भांडणात एक गोष्ट सगळे विसरतात. चेस्टर स्वतःच बँडचा दुसरा गायक होता. तो आला तेव्हा कुणी फॅन नव्हते म्हणून तुलना झाली नाही, एवढाच फरक.

मूळची सर?

खरं तर मराठी प्रेक्षकाला हे सगळं नवीन नाही. नाटकात नट बदलला की ‘मूळची सर नाही’ हे वाक्य मध्यंतराच्या बटाटेवड्याबरोबर ठरलेलंच असतं. ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’चंच बघा. प्रा. लक्ष्मण देशपांडे एकटे सगळी पात्रं करायचे. प्रयोग म्हणजेच ते आणि ते म्हणजेच प्रयोग. २००९ मध्ये ते गेले आणि ‘वऱ्हाड’ संपलं असंच वाटलं. पुढे संदीप पाठकने ते पुन्हा उभं केलं. माझ्या पिढीने ‘वऱ्हाड’ पाहिलं ते त्याचंच. आमच्या आईबाबांनी देशपांडे सरांचं पाहिलंय. घरात दोन्हींवर गप्पा होतात आणि कुणालाही आपली आठवण सोडून द्यावी लागत नाही.

रॉकमध्येही असं घडलंय. ‘एसी/डीसी’चा बॉन स्कॉट फेब्रुवारी १९८० मध्ये गेला. ब्रायन जॉन्सनला घेऊन बँडने त्याच जुलैमध्ये ‘बॅक इन ब्लॅक’ काढला आणि तो जगातल्या सर्वाधिक खपाच्या अल्बम्सपैकी एक ठरला. लिंकिन पार्कने सात वर्षं थांबून पुढचं पाऊल टाकलं. घाई केली, असं तरी कुणी म्हणू शकत नाही.

मग अल्बम कसा आहे?

‘फ्रॉम झीरो’ १५ नोव्हेंबर २०२४ ला आला. नावात बँडच्या पहिल्या नावाची आठवण आहे. अकरा ट्रॅक्स, जेमतेम बत्तीस मिनिटं. चर्चगेट ते बोरिवली फास्ट पकडली तर अंधेरीच्या पुढे कुठेतरी संपतो.

पहिल्यांदा ऐकताना मी प्रत्येक गाण्यात चेस्टरची जागा शोधत होते. इथे तो कसा गायला असता, ही ओळ त्याने कशी सोडली असती. अशाने काहीच ऐकू येत नाही. तिसऱ्या-चौथ्या वेळी अल्बम जरा उलगडला. ‘टू फेस्ड’ थेट २००० सालात नेतं, तेच रॅप, तेच स्क्रॅचिंग. मजा येते, पण जुन्या रेसिपीने केलेला पदार्थ आहे हेही कळतं. ‘कॅज्युअल्टी’ म्हणजे नुसती धुमश्चक्री, शिनोडासुद्धा त्यात ओरडून घेतो. मला सगळ्यात आवडलं ते ‘ओव्हर ईच अदर’, ज्यात मुख्य आवाज पूर्णपणे एमिलीचा आहे. तिथे ती कुणाची जागा भरत नाहीये. तिचा खरखरीत, थोडा थकलेला आवाज स्वतःचंच काहीतरी सांगतो. शेवटचं ‘गुड थिंग्ज गो’ संपल्यावर मी अल्बम परत पहिल्यापासून लावला. ‘मिटिओरा’च्या पंक्तीत बसेल का? माझ्या मते नाही. पण एका चांगल्या बँडचा चांगला अल्बम आहे आणि तो स्वतःच्या पायावर उभा आहे.

गर्दीचा आवाज

अल्बम एकट्याने ऐकायचा असतो. लाइव्हचं गणित वेगळं. नव्या टूरचे जे व्हिडीओ बघायला मिळतात, त्यात नव्या गाण्यांना लोक उड्या मारतात, पण खरा स्फोट होतो तो ‘इन द एंड’ आणि ‘नम्ब’ला. आणि तिथे एक छान गोष्ट दिसते. ओळखीच्या ओळी आल्या की एमिली अनेकदा स्वतः थांबते आणि माइक गर्दीकडे वळवते. चेस्टरच्या ओळी लोक गातात. हॉलिवूड बोलमध्ये रिकाम्या माइकसमोर जे घडलं होतं, तेच आता शहराशहरांत घडतंय.

‘वन मोअर लाइट’ मात्र बँडने या टूरमध्ये बाजूला ठेवलंय. ते गाणं आता फार जड झालंय आणि ते न गाणं हीसुद्धा एक प्रकारची आठवणच. मला हा निर्णय पटतो. सगळ्याच गाण्यांना नवा आवाज लावायची गरज नसते.

म्हणून ‘चेस्टरच्या जागी कोण?’ या प्रश्नाचं मला सापडलेलं उत्तर ‘एमिली’ हे नाही. ती तिच्या जागी आहे. चेस्टरच्या ओळी आता फॅन्सकडे आहेत. महालक्ष्मीला त्या गाताना तिशीतले आयटीवाले असतील, गेममुळे आलेले एकोणीस वर्षांचे असतील, सहावीत एमपीथ्री प्लेअर मिळालेल्या माझ्यासारख्याही असतील. कुणी जास्त जुना, कुणी कमी, पण कोरस सगळ्यांनाच पाठ.

दादा अजून तयार नाही आणि मी त्याला आग्रह करत नाहीये. त्याने घरी बसून ‘हायब्रिड थिअरी’ लावला, तरी तो तितकाच फॅन आहे. पण तुमचं अजून ठरत नसेल, ‘चेस्टर असताना बघितलं नाही, आता कशाला’ असं वाटत असेल, तर माझं मत विचाराल तर जा. जुनं गाणं आलं की डोळे मिटा, नवं आलं की उघडा. आणि ‘नम्ब’ सुरू झालं की मोबाइल खिशात ठेवा. रेकॉर्ड करायला बाकीचे असतातच, गायला माणसं कमी पडता कामा नयेत.

जाण्याआधी ही पाच ऐकाच

क्रॉलिंग (२०००) : चेस्टरच्या आवाजाची दोन्ही टोकं एकाच गाण्यात. बँडला पहिलं ग्रॅमी मिळवून दिलं ते यानेच.

नम्ब (२००३) : शोला जाणाऱ्यांचं पाठांतर पक्कं हवं.

गिव्हन अप (२००७) : त्या सतरा सेकंदांसाठी. घरी ऐकताना आईला आधी कल्पना द्या.

लॉस्ट (२०२३) : वीस वर्षं कपाटात राहिलेलं गाणं.

ओव्हर ईच अदर (२०२४) : एमिलीला फक्त एमिली म्हणून ऐकायचं असेल तर इथून सुरुवात करा.